लॉबीचे दरवाजे आणि बॅटरी: ठरावाआधी थोडं थांबा

*बी-२०१*
काल रात्री साडेअकराला लाईट गेली. बारा वाजायच्या आत आमच्या विंगच्या लॉबीच्या दाराचं विजेवरचं कुलूप सुटलं, दार पहाटे पाचला लाईट येईपर्यंत उघडंच. हे जहाजावर आहेत, घरात मी, सासूबाई आणि दोन मुलं. जिन्यात पावलं वाजली तेव्हा दाराला खुर्ची लावून बसून राहिले. कृपया मनावर घ्या.

*सचिव*
वहिनी, सकाळीच कुलपं बसवणाऱ्याशी बोललो. लाईट गेल्यावर कुलपं धरून ठेवणारी बॅटरी लहान पडते, दुप्पट मोठी घ्या म्हणतो. रविवारच्या सभेत ठराव मांडतो. हरकत असेल तर इथेच सांगा.

*ए-४०३*
हरकत कसली, घ्या. फोंड्यातल्या पावसात लाईट जाणारच.

*ए-१०३*
माझी हरकत आहे. आत्ताच मीटररूममधून येतोय. डबा उघडला तर आत ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर गुणिले तास) बॅटरी, टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड चढलेली. लाईट चालू असताना मीटर लावला, १२.० व्होल्ट. भरलेली बॅटरी नुसती पडून असली तरी १२.७च्या आसपास दाखवते, चार्जिंगवर असेल तर १३.५ ते १३.८ दिसायला हवेत. आपल्याकडे साधा १२ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे कुलपांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय आहे आणि बॅटरी सरळ त्याच्याच तारांना जोडून दिलीय. त्यावर ती कधीच पुरती भरत नाही. बसवल्या दिवसापासून अर्धपोटी आहे ती. तिच्या जागी दुप्पट मोठी ठेवाल तर तीही उपाशीच राहील.

*सचिव*
मग घ्यायचं काय, काका?

*ए-१०३*
आधी लोड. दोन्ही दारांची मॅग्नेटिक कुलपं प्रत्येकी अर्धा अँपिअर घेतात, तेही चोवीस तास, कारण करंट आहे तोवरच ती धरून ठेवतात. कुलपं चालवणारा कंट्रोलर आणि कार्डचे रीडर मिळून ०.४. एकूण १.४ अँपिअर. कालचे साडेपाच तास धरून आपण आठ तासांची तयारी करू. म्हणजे ११.२ एएच. पण बॅटरीवर लिहिलेला आकडा वीस तास हळूहळू वापरली तरचा असतो, लोड वाढला की कमी मिळतो. शिवाय ती जुनी होत जाते. म्हणून दीडपट धरायचं, १७ होतात. बाजारात १८ एएचची मिळते, तीच घ्या. सोबत बॅटरी चार्ज करणारा पॉवर सप्लाय हवा. १.४ दारांना, १.८ चार्जिंगला, म्हणजे ५ अँपिअरचा पुरेल.

आणि डबा पत्र्याखालून हलवा. एप्रिल-मे महिन्यात तिथे हात ठेववत नाही. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

*ए-४०३*
जिन्याच्या दिव्यांचा इन्व्हर्टर आहे ना? त्यावरच टाकू, खर्च वाचेल.

*ए-१०३*
दिव्यांनी तो संपवला की दारंही गेली. वेगळंच ठेवा.

*बी-३०४*
लाईट गेली तरी बंदच राहणारं कुलूप मिळतं म्हणे. तेच लावलं तर बॅटरीची कटकटच नको.

*ए-१०३*
मिळतं. पंपरूमला, ऑफिसला खुशाल लावा, तिथे ते उघडतानाच करंट घेतं. लॉबीला मात्र माझा ठाम विरोध. आपल्याला बाहेर पडायची ती एकच वाट आहे. मीटररूममध्ये आग लागली, धुरात कुणाला आतून उघडायचा खटका सापडला नाही आणि दार बंद, हे मला डोळ्यांसमोरही आणवत नाही. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ प्रमाणेही बाहेर पडायचं दार आतून किल्लीविना उघडलं पाहिजे. लाईट गेल्यावर लॉबीचं कुलूप सुटतं ते बरोबरच आहे, फक्त पहिले आठ तास तरी सुटायला नको.

संकटात फोडून दार उघडायची दाराजवळची हिरवी काचेची पेटी आपल्याकडे कंट्रोलरमधून फिरवून जोडलीय. कंट्रोलर अडकला तर ती फोडूनही दार उघडणार नाही. तिने कुलपाची तारच सरळ तोडली पाहिजे. बॅटरीच्या आधी हे काम करा, खर्च जवळजवळ नाहीच.

*बी-२०१*
काका, लाईट असतानाही आमचं दार जोरात ओढलं की उघडतं. तेही बॅटरीमुळेच का?

*ए-१०३*
नाही, ते वायरमुळे. बी विंगपर्यंत ४० मीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ८०. आत्ताची वायर अर्ध्या स्क्वेअर एमएमची आहे, तिच्यातच दीड व्होल्ट जातात. कुलपाला साडेदहाच मिळाले की त्याची पकड ढिली पडते. दीड स्क्वेअर एमएमची टाकली तर अर्धाच व्होल्ट जाईल.

*सचिव*
बसवणाऱ्याला हे सगळं लिहून पाठवतो, नवीन कोटेशन मागवतो. चवथीला अर्धी बिल्डिंग गावच्या घरी असते, त्याआधी काम हवं.

*ए-१०३*
काम झाल्यावर माझ्यासमोर मेन स्विच पाडायचा आणि घड्याळ लावून बसायचं. आठ तास दार धरलं तरच पैसे द्या. पुढे दर महिन्याला तासभर तपासणी मी करीन.

*बी-२०१*
आणि आज रात्री?

*ए-१०३*
वॉचमन बी लॉबीतच बसेल, सांगून आलोय. लाईट गेली तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. उद्या सातला वायर मोजायची आहे, टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं.

*बी-२०१*
मी येते. देव बरें करूं, काका.