मदत हवी आहे: गंगापूर धरणाजवळचं पिवळ्या फुलांचं उंच झाड कोणतं?

नमस्कार मंडळी, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पाणी ओसरलंय तिथे गाळात एक रानटी झाड दिसलं, माझ्या कंबरेच्या वर उंच, सरळ दांडा आणि त्याला खालून वर पिवळी फुलं लागत गेलेली, इतकं देखणं की तिथून पाय निघेना. फुलाला पाच पाकळ्या, मधे जांभळट केसाळ पुंकेसर, मी मोजले तर चारच निघाले. खालची पानं मोठी, कडा फाटल्यासारख्या, वर जाता जाता पानं लहान होतात. सगळ्या झाडावर बारीक लव आहे.

नेटवर शोधलं तर व्हर्बास्कम थॅप्सस येतं, म्हणजे मुलेन. पण ते हिमालयाकडचं, काश्मीर-हिमाचलात दिसणारं, त्याची पानं अख्खी आणि ब्लँकेटसारखी जाड मऊ असतात आणि पुंकेसर पाच, त्यामुळे मला ते पटत नाहीये. त्याच कुळातलं व्हर्बास्कम चायनेन्स आपल्याकडे नदीकाठी, तळ्याकाठी उगवतं, त्याला पुंकेसर चार, माझा कल तिकडेच आहे.

कोणी खात्रीने सांगेल का प्लीज? आणि गोदाकाठच्या गावांत याला काय म्हणतात तेही सांगा. शेजारच्या काकू खोकल्यासाठी पानांचा काढा करू म्हणतायत, मी त्यांना थांबवलंय, ओळख पक्की झाल्याशिवाय रानातलं काही पोटात घ्यायचं नाही असं माझं ठाम मत आहे. फोटो जोडलेत, अजून कुठल्या भागाचा क्लोजअप लागला तर सांगा, रविवारी परत जाणार आहे.