मूट आणि इंटर्नशिपसाठी कोणतं एआय घ्यावं? बजेट महिना ५००

शेवटचं_वर्ष_पुणे: तीन वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात मूट (सरावाचा लुटूपुटूचा खटला), नंतर जिल्हा न्यायालयातल्या एका वकीलसाहेबांकडे इंटर्नशिप. महिना ५०० रुपयांच्या वर जमणार नाही. कुणी काय वापरतं?

अ‍ॅडव्होकेट_सातारा: निकाल शोधायला एससीसी ऑनलाइन घे. माझ्या ऑफिसात तसंच मनुपात्राही आहे. पैसे जातात, पण निकाल खरा मिळतो. यात काटकसर नको.

शेवटचं_वर्ष_पुणे: सर, ते वर्षाचं पॅकेज मला झेपणार नाही. कॉलेजचं लॉगिन घरून चालत नाही.

मूटवाली: काहीही घे, पण सायटेशन (निकालांचे संदर्भ) एआयकडून घेऊ नकोस. आमच्यासमोरच्या टीमने दिलेल्या केसमध्ये पक्षकार खरे, वर्ष खरं, पण वाचून दाखवलेला परिच्छेद निकालात नव्हताच. जजनी प्रत मागितली, तिथेच मूट संपली. न्यूयॉर्कच्या माटा विरुद्ध एव्हियांका प्रकरणात २०२३ साली खोट्या निकालांपायी वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला.

नगरकर: मीही तेच सांगणार होतो. शिवाय एआय कलमं जुनी देतं. खुनाला अजून ३०२ सांगतं, आता न्याय संहितेचं १०३ आहे.

अ‍ॅडव्होकेट_सातारा: सरसकट तसं नाही. १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर जुनी आयपीसीच लागू. आधी घटनेची तारीख बघायची.

नगरकर: मान्य, पण एआय तारीख विचारत नाही ना!

कोर्टात_रोज: इंटर्नशिपला जाणार आहेस म्हणून सांगते. अशिलाचे कागद फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नकोस. नाव, आधार क्रमांक, जबाब, काहीच नाही. अशिलाची गुपितं राखणं साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने वकिलावर बंधनकारक आहे आणि कारकून-नोकरांनाही ते लागू होतं. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं: निष्कर्ष किंवा आदेश देण्यासाठी एआय वापरायचं नाही.

ज्युनिअर_नागपूर: ५०० तरी कुठून आणणार पोरं? बार कौन्सिलने २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलाला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० स्टायपेंड द्या अशी शिफारस केली. मला अजून प्रवासखर्चही मिळत नाही. आता सीनिअर म्हणतात, ड्राफ्टिंग एआय करतं, तुझी गरज काय!

अ‍ॅडव्होकेट_सातारा: सगळे सीनिअर तसे नसतात. माझ्याकडे दोघे आहेत, दोघांना महिन्याच्या महिन्याला देतो.

मूटवाली: विषयावर या. निकाल शोधायला ई-एससीआर (सर्वोच्च न्यायालयाचं संकेतस्थळ) आणि इंडियन कानून फुकट आहेत. एआय नकोच, ५०० रुपये वाचव.

शेवटचं_वर्ष_पुणे: सगळ्यांचे आभार. तरी मी साधा चॅटबॉट एक महिना घेतोय. निकाल ई-एससीआरवर मीच शोधणार, पूर्ण वाचणार. मग माझा मुद्दा त्याला देऊन प्रतिवादीच्या बाजूने उलटे प्रश्न विचारायला लावणार. रात्री अकराला माझ्याशी वाद घालायला दुसरं कुणी नाही, आणि बेंचसमोर मी अडखळतो तो नेमका प्रश्नांवरच. इंटर्नशिप सुरू व्हायच्या आधी बंद करेन, अशिलाचा एकही कागद त्यात जाणार नाही.

मूटवाली: मग प्रत्येक निकालाचे परिच्छेद क्रमांक हाताने लिहून ठेव. बेंच तेच विचारतं.