दोष एकट्या मुलांचा नाही
वर कुणीतरी म्हटलंय, आयटीआय झालेल्या मुलांना कारखान्यात काहीच येत नाही. अहो, बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) भरणारा, मायक्रोमीटरने माप घेऊन ड्रॉइंगशी ताडून बघणारा मुलगा हवा असतो. आयटीआयच्या मुलाचा हात बसलेला हाताने चालवायच्या साध्या लेथवर! बडोद्यात तर २०२४ पासून सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या जुळणीचा कारखानाही आलाय. अभ्यासक्रम ठरतानाच कारखानदारांनी तोंड उघडावं, मागाहून कुरकुरून काय उपयोग? सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली ते हाताला हुन्नर मिळावा म्हणूनच. शिकाऊ मुलांना कारखान्यात काम शिकवण्यासाठीचा अप्रेंटिस कायदाही १९६१ पासून आहे. घेतलेल्या मुलाला सामान उचलायला न लावता मशीनवर उभं करा. आणि चाळिशीतल्या जुन्या कामगारांसाठी संध्याकाळची बॅच हवीच, त्यांचा विचार इथे कुणीच केलेला दिसत नाही.