बॅटरी म्हणजे फक्त लिथियम नव्हे

सौरऊर्जेची चर्चा 'रात्री सौरवीज कुठून आणणार, एवढ्या लिथियम बॅटऱ्या परवडतील का' याभोवतीच फिरतेय. पण जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी उष्णता म्हणूनच लागते, आणि उष्णता साठवणं विजेपेक्षा खूप स्वस्त पडतं.

आमच्या सांगलीकडे बघा. हळद शिजवायला वाफ लागते, त्यासाठी लाकूड नि पाचट जळतं. साखर कारखाने बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वाफ आणि वीज दोन्ही काढतात, उत्तमच, पण त्यांचा मुख्य आधार गाळप हंगामापुरता. फिनलंडमध्ये कांकानपा इथं २०२२ मध्ये वाळूची बॅटरी सुरू झाली: स्वस्त विजेनं वाळू सुमारे ५०० अंशांवर तापवायची आणि लागेल तेव्हा उष्णता काढायची. हळदीला तर १०० अंशांच्या आसपासच पुरतं! भर दुपारच्या सौरविजेवर हा प्रयोग इथं व्हायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

विजेच्या साठवणुकीला शेजारी साताऱ्यात १,९६० मेगावॉटचं कोयना जलविद्युत केंद्र आहेच. मागणी वाढली की पाणी सोडायचं. मात्र कोकणात उतरलेलं ते पाणी परत वर चढत नाही. जादा विजेनं पाणी पुन्हा वर चढवून साठवायची ती सोय २५० मेगावॉटच्या घाटघर प्रकल्पात आहे. कोयनेच्या खोऱ्यात अशा जागा शोधताना धरणामुळे आधीच एकदा विस्थापित झालेल्यांना पुन्हा उठवू नये, एवढं मात्र पाहायलाच हवं.