परसबागेत लहान पक्ष्यांसाठी थेंबाथेंबाचे पाणी: सल्ला हवा

परसबाग_अकोला:
आमचे घर अकोल्यात आहे. मागच्या लहानशा परसबागेत कढीपत्ता, जास्वंद, पारिजातक आणि लिंबाचे एक झाड आहे. गेले दोन उन्हाळे मी तिथे पाण्याने भरलेले लोखंडी घमेले ठेवत होते. त्यावर कावळे, साळुंक्या आणि पारवे येत, पण जास्वंदीवर दिवसभर वावरणारे शिंजीर, शिंपी आणि चष्मेवाले हे चिमुकले पक्षी पाण्याकडे फिरकतही नसत. मागच्या मे महिन्यात नुकतेच उडू लागलेले बुलबुलाचे पिल्लू त्या घमेल्यात बुडून मेलेले सापडले. त्या दिवसापासून घमेले उपडे करून ठेवले आहे. लहान पक्ष्यांना निर्धास्तपणे उतरता येईल आणि घरच्या घरी करता येईल अशी काही सोय कोणी केली असल्यास कृपया मापांसह सांगावे. पाणी हलते ठेवायला लहान पंप बसवावा का, हेही कळावे.

पाणपाखरू:
पिल्लाबद्दल वाचून फार वाईट वाटले. घमेल्याची खोली आणि त्याची गुळगुळीत, उभी कड या दोन गोष्टी पिल्लांच्या जिवावर बेततात. शिंपी साधारण 13 सेंटीमीटर लांबीचा, तर शिंजीर त्याहून लहान, जेमतेम 10 सेंटीमीटरचा. अशा पक्ष्याला पाय टेकतील इतकेच पाणी हवे, म्हणजे कडेला एक सेंटीमीटर आणि मध्यभागी फार तर चार. शिवाय लोखंड विदर्भातल्या उन्हात इतके तापते, की दुपारी त्या पाण्याचा पक्ष्यांना काहीच उपयोग होत नाही. कुंभाराकडून हात-सव्वा हात रुंदीचे, रंग न लावलेले मातीचे परळ (पसरट, उथळ भांडे) आणावे, त्यात दोन-तीन खरखरीत चपटे दगड पाण्याच्या वर डोकावतील असे ठेवावेत आणि ते सावलीत, कमरेइतक्या उंचीच्या पक्क्या ओट्यावर मांडावे.

आता थेंबाविषयी. साचलेल्या पाण्याकडे न वळणारे लहान पक्षी थेंबाच्या आवाजाने आणि हलत्या पाण्याच्या चमकेने वळतात, हा माझा अनेक उन्हाळ्यांचा अनुभव आहे. मी पाच लिटरचा कॅन फांदीला टांगतो आणि त्याला औषधाच्या दुकानातून आणलेली नवी कोरी सलाईनची नळी जोडतो (वापरलेली नळी कधीही घेऊ नये). कॅनच्या तळाजवळ नळीच्या टोकापेक्षा किंचित लहान भोक पाडून टोक दाबून बसवावे, भोवती एम-सील लावून ते रात्रभर वाळू द्यावे आणि हवा आत जावी म्हणून झाकण थोडे सैल ठेवावे. नळीवरची चकरी फिरवून सेकंदाला एक थेंब पडेल असे करावे. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले तर तासाला 180 मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे सकाळी भरलेला कॅन दिवस मावळेपर्यंत सहज पुरतो. कॅनवर जुने सुती कापड गुंडाळले तर पाणी हिरवे होत नाही.

शिंजिराचा स्वभाव मात्र वेगळा आहे. भांड्यात उतरण्यापेक्षा ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करणे त्याला आवडते, म्हणून नळीचे टोक जास्वंदीच्या रुंद पानांवर सोडावे आणि तिथून ओघळणारे थेंब परळात पडतील असे पाहावे.

ठिबकवाला:
आमच्याकडे जळगावात केळीला ठिबक असल्यामुळे मी प्रथम शेतातला ड्रिपर कॅनला लावून पाहिला होता. तासाला चार लिटरचा ड्रिपर तेवढे पाणी शेतातल्या पंपाच्या दाबावर देतो. फांदीला टांगलेल्या कॅनवर तो जवळपास बंदच पडतो. पंपाबद्दल माझे मत असे, की परळासारख्या उथळ भांड्यात तो पाण्याखाली बुडत नाही, कोरडा चालून जळतो, आणि ओल्या जागी वीज खेळवण्याची जोखीम वाढते ती वेगळीच. आपण सलाईनची नळीच लावावी.

अंगण_सातारा:
दोन गोष्टींची भर घालते. पहिली डासांची. डेंग्यूचा डास भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवतो आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. रोज पाणी बदलावे आणि एक दिवसाआड परळाची आतली बाजू काथ्याने, साबण न लावता, घासून काढावी. दुसरी मांजरांची. परळाला लागून दाट झुडूप असेल तर मांजर तिथे दबा धरून बसते. झुडूप सहा-सात फुटांवर असावे आणि मधली जमीन मोकळी असावी, म्हणजे भिजलेल्या पक्ष्याला एका झेपेत आसरा गाठता येतो. कॅन टांगण्यासाठी वरून आलेली झाडाची उंच फांदी चालेल. जास्वंदही परळाला लागून नको, म्हणून नळी दुभंगून एक टोक तिच्या पानांवर आणि दुसरे परळावर नेणे मला जास्त सुरक्षित वाटते.

परसबाग_अकोला:
सर्वांचे मनापासून आभार. परळ लिंबाच्या सावलीत मांडले आहे आणि माशांच्या टाकीला वापरतात तो प्लॅस्टिकचा जोड लावून नळीची दोन टोके केली आहेत. पहिले चार दिवस कोणीच आले नाही. पाचव्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास चष्मेवाल्यांचा थवा लिंबात उतरला, त्यातले दोघे मधल्या दगडावर आले आणि एकाने थेंब पडतो नेमक्या त्याच जागी मान घालून पंख फडफडवले. शिंजिराची मादी आज जास्वंदीच्या ओल्या पानावर पोट टेकून लोळत होती. ते घमेले आता मी खत कालवायला घेतले आहे.