लॉकच्या मते स्वतःचा निवाडा सोडायचा की राखायचा?

प्रश्न:
इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या राज्यशासनावरील दुसऱ्या प्रबंधातली एक गाठ मला सुटत नाही. निसर्गावस्थेत, म्हणजे राज्यसंस्था नसताना, प्रत्येक जण स्वतःच्याच तंट्यात न्यायाधीश होतो आणि आपपरभावामुळे निवाडा वाकडा जातो, म्हणून माणसे तो अधिकार समाजाकडे सोपवतात, असे तो आरंभी सांगतो. शेवटच्या प्रकरणात मात्र राजा चुकला हे कोणी ठरवायचे, या प्रश्नाला ‘लोकांनी’ असे उत्तर देतो. सोपवलेला अधिकार परत आला कुठून? त्यापेक्षा तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज सुसंगत वाटतो. बऱ्यावाइटाचा निवाडा ज्याने त्याने करावा, ही समजूत तो १६५१च्या ‘लेव्हायथन’मध्ये राज्याच्या रोगांतच मोजतो.

उत्तर १:
सोपवला तो तंट्याचा निकाल आणि शिक्षेचा अधिकार. स्वतःची बुद्धी नव्हे. त्याच प्रबंधाचा परिच्छेद २४० पाहा. मुखत्यार नीट वागला की नाही हे मुखत्यारपत्र देणाराच ठरवणार, कारण नेमणाऱ्याकडे काढून टाकण्याचा हक्कही उरतोच. शिवाय ज्याच्याविरुद्ध दाद मागायची तोच पंच असेल, तर पंच नसल्यासारखाच. लोक एखाद्या चुकीवरून उठत नाहीत, गैरवर्तनाची मालिका लांबली की उठतात, हेही लॉकने सांगितले आहे.

उत्तर २:
मुळात ‘निवाडा’ म्हणजे लॉकला काय अभिप्रेत आहे, ते त्याच्या मानवी आकलनावरील निबंधात, चौथ्या खंडाच्या चौदाव्या प्रकरणात सापडते. (मराठीत आपण सरसकट ‘विवेक’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो, कारण त्या शब्दाला नीतीचा वास आहे.) निश्चित ज्ञान थोडे, बाकी सारा संभाव्यतेचा संधिप्रकाश, अन्न पोसेल हे सिद्ध झाल्याशिवाय जेवणार नाही म्हणणारा उपाशी मरेल. त्या अंधुक उजेडात पुरावा तोलून मत बांधणे म्हणजे निवाडा. राजालाही तेवढाच उजेड मिळालेला असतो, म्हणून दुसऱ्याच्या श्रद्धेवर हुकूम चालवण्याइतकी खात्री त्याच्यापाशी कुठून येणार?

उत्तर ३:
श्रद्धेवरच्या हुकमाविषयी लॉकच्या १६८९च्या धार्मिक सहिष्णुतेवरील पत्रातला मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे: सक्तीने मनाला काही पटतच नाही. त्यावर लॉकचा टीकाकार जोनास प्रोस्टने १६९०मध्ये नेमके बोट ठेवले. सक्तीने पटत नसेल, पण ज्या पुराव्याकडे माणूस ढुंकूनही पाहत नव्हता तो तपासायला ती भाग पाडू शकते. लॉकने उत्तरादाखल आणखी पत्रे लिहिली. त्यांत खरा धर्म कोणता हे ठरवताना राजाही चुकू शकतो, हा मुद्दा पुढे येतो, आणि मला तोच अधिक भक्कम वाटतो.

प्रश्नकर्ता:
मुखत्याराच्या दाखल्याने गाठ बरीच सैल झाली. एक मात्र खटकते. नास्तिकाच्या शपथेला बंधन नाही, म्हणून त्याला सहिष्णुतेबाहेर ठेवताना लॉकने पुरावा कोणता तोलला होता?