सहा स्पार्क प्लगचे ३३,०४० रुपये: ‘परवडत नसेल तर घेऊ नये’ याला उत्तर

दांडिया बाजार

आपण सारे या मंचावर वडोदऱ्यातल्या आपापल्या भागाच्या नावाने लिहितो. काल अलकापुरीकरांनी येथे लिहिले, की ज्यांना डीलरकडची सर्व्हिस परवडत नाही त्यांनी आलिशान गाडीच्या वाटेला जाऊ नये, आणि अशी गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात उभी करणे म्हणजे पैठणी नेसून भांडी घासायला बसणे. मी हे सोडून देणार होतो; पण रात्री जेवताना ते वाक्य पुन्हा आठवले, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी गाडी जर्मन, पेट्रोलवर चालणारी, एका रांगेत सहा सिलिंडर असलेली. वय सात वर्षे, धाव ६२,००० किलोमीटर. डीलरच्या जॉब कार्डावर (कामांच्या यादीत) स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे प्लग, बदलायचे आले याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही, कारण टर्बो इंजिनात इरिडियम या टिकाऊ धातूचे प्लगसुद्धा साधारण ६०,००० किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगतात. तक्रार बिलाची आहे. सहा प्लगचे १४,४००, मजुरीचे ९,०००, मी न मागितलेल्या ‘फ्युएल सिस्टिम क्लीनिंग’चे ४,६००, आणि या २८,००० वर १८ टक्के जीएसटी ५,०४०.

मी जुने प्लग आणि नव्यांची रिकामी खोकी मागून घेतली. जुन्या प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर प्लग बनवणाऱ्याचे नाव आणि नंबर स्पष्ट छापलेला होता. खोक्यावर मात्र गाडीच्या कंपनीचा शिक्का. गाडीवाले प्लग बनवत नाहीत, ते बोश, एनजीके, डेन्सो यांच्यासारख्या कंपन्या बनवतात, आणि गाडीवाले ते आपल्या खोक्यात घालून विकतात. तोच नंबर मला बाहेर १,१५० रुपयांना मिळतो, म्हणजे सहांचे ६,९००. उरलेले ७,५०० रुपये मी पुठ्ठ्याच्या सहा खोक्यांसाठी मोजले.

मजुरीचेही तसेच. या इंजिनात प्लग अगदी वर असतात. झाकण काढले, प्लगला वीज देणाऱ्या कॉइलचे कनेक्टर सोडवले, कॉइल उपसल्या, की प्लग समोर. सावकाश काम करणाऱ्या माणसाला दीड तास पुरतो. तेव्हा अलकापुरीकर, हे बिल मला परवडते, पटत नाही. या दोन क्रियापदांत फरक आहे.

अलकापुरी

पैठणीची उपमा आपल्याला इतकी लागेल असे वाटले नव्हते. १,१५० रुपयांचा ‘तोच’ प्लग तोच असतो हे आपण कशावरून ठरवले? माझ्या साडूंनी असाच शहाणपणा केला होता. दुकानदाराने पावतीविना चार प्लग दिले, खोके हुबेहूब, वरचा होलोग्रामसुद्धा चमकणारा. दोन महिन्यांत गाडी चढावर अडखळू लागली, मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसल्याचा, दिवा लागला, आणि प्लग काढला तेव्हा सिरॅमिकला केसासारखी चीर. मिसफायर होत असताना न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो, त्याची किंमत आपल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसत नाही. साडूंनी त्यानंतर गाडी डीलरकडेच नेली, पण आधी कोठे नेली होती हे त्यांनी तेथे सांगितले नाही.

शिवाय पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक पहिल्यांदा सर्व्हिसची नोंद मागते. ती नोंद आपल्याकडे नसेल तर वाचवलेले सगळे पैसे त्या एका दुपारी परत जातात.

मकरपुरा

मी एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षे काढली असून आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे कोणाची बाजू घेण्याचे मला कारण नाही.

‘दीड तासाचे काम’ हे तुमच्या इंजिनापुरते खरे आहे. काही व्ही-६ इंजिनांत (तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा असलेल्या) मागच्या रांगेपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणारा नळ्यांचा भाग, उतरवावे लागते. मर्सिडीजच्या जुन्या एका पिढीत तर प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते, म्हणजे व्ही-६ ला बारा आणि व्ही-८ ला सोळा. त्या गाड्यांच्या मालकांनी बिलात ‘बारा नग’ वाचून मला चोर ठरवलेले आहे. ४,६०० रुपयांच्या क्लीनिंगबद्दल मात्र आपले म्हणणे बरोबर आहे. तो महिन्याच्या टार्गेटचा प्रकार असतो, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तो न विचारता लिहितो आणि गिऱ्हाईक न वाचता सही करते. तो आयटम डिलिव्हरीपूर्वी काढून टाकायला सांगता येतो. बहुतेक वेळा मुकाट काढतातही.

आता माझा एक प्रश्न. आपण ज्या बाहेरच्या मिस्त्रीकडे जाणार आहात त्याच्याकडे टॉर्क पाना, म्हणजे किती पीळ दिला हे आकड्यात दाखवणारा पाना, आहे का? नसेल तर पुढची चर्चा व्यर्थ आहे.

रावपुरा

टॉर्क पाना! चाळीस वर्षे या हातांनी प्लग आवळले, एकही सैल झाला नाही की एकही तुटला नाही. ज्याला हाताने कळत नाही त्याला आकडा पाहूनही कळणार नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका आलिशान गाडीत एअर फिल्टरच्या वरपर्यंत पाणी होते. डीलरकडे बुडालेल्या गाड्यांची रांग. फोन उचलला तर ‘इन्शुरन्सचा सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू नका’ एवढेच उत्तर. चौथ्या दिवशी सर्व्हेअर पाहून गेला, तरी डीलरकडे जागा नव्हती. मालकाला मी एकच गोष्ट बजावून सांगितली, की काहीही झाले तरी स्टार्टर मारू नका, कारण पाणी दाबले जात नाही आणि सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग सगळे प्लग काढले आणि इंजिन हाताने फिरवले. दोन सिलिंडरमधून पाण्याची पिचकारी उडाली. तेल, फिल्टर बदलून चार दिवसांनी गाडी सुरू झाली आणि आजही चालते. मागची एक काच आपोआप उतरत नाही, हे मात्र खरे. तेव्हा टॉर्क पाना घेऊन कोणी आले नव्हते.

मकरपुरा

काका, पुरात आपण जे केले ते शंभर टक्के बरोबर होते आणि डीलरकडेही तेच केले असते. पण प्लग काढणे आणि प्लग आवळणे यांत गल्लत नको.

माझ्या हातून निघालेल्या नव्हे, माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका गाडीची गोष्ट सांगतो. बाहेर कोणीतरी घाईने, गरम इंजिनातूनच प्लग काढले होते. हेड अ‍ॅल्युमिनियमचे, त्यात बसणाऱ्या प्लगचा आटा पोलादाचा. दोन्ही धातू उष्णतेने वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि मऊ आट्याची वाट लागते. त्यावर ‘पुढच्या वेळी सहज निघावा’ म्हणून नव्या प्लगच्या आट्याला अँटी-सीझ ग्रीस चोपडले होते. मुलामा दिलेल्या आट्याला ते लावू नये असे प्लगवालेच सांगतात, कारण आटा घसरता झाला की हाताला सैल वाटते आणि माणूस आणखी पीळ देतो. आम्हाला तो आटा कापून आत हेलिकॉइल, म्हणजे तारेचा नवा आटा, बसवावी लागली. १४ मिलिमीटरच्या प्लगला अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर (हे पिळाचे माप) आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० पुरतात. हा फरक मनगटाला कळतो, असे छातीवर हात ठेवून सांगा.

रावपुरा

छातीवर हात ठेवूनच सांगतो, कळतो. तुमच्या वर्कशॉपमध्ये नवी पोरे येतात, सहा महिन्यांनी जातात, म्हणून त्यांना आकडे लागतात. माझ्या हाताची तुलना त्यांच्याशी केलीत हे मला आवडलेले नाही.

गोत्री रोड

मूळ मुद्दा कोणीच घेत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी असते. माझ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज उतरले आहे. त्याबद्दल कोण बोलणार?

दांडिया बाजार

गोत्रीकर, त्यासाठी स्वतंत्र धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. येथे प्लगचे बिल चालले आहे.

टॉर्क पान्याच्या भांडणात दोघांचीही अडचण करणारी गोष्ट सांगतो. एनजीकेच्या सूचनांत न्यूटन-मीटरचे आकडे आहेत हे मकरपुराकरांचे म्हणणे खरे. पण पाना नसेल तर काय करावे हेही त्यांनी दिलेले आहे. वायसर असलेला नवा प्लग बोटांनी पूर्ण बसवायचा आणि मग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यायचा. वापरलेला प्लग पुन्हा बसवताना मात्र फक्त एक-बारांश, कारण वायसर आधीच दबलेला असतो. म्हणजे काकांचा हात चालतो, पण ‘अंदाजाने’ चालत नाही, कोनाने चालतो.

रावपुरा

मी तेच करतो. त्याला कोन म्हणतात हे आज कळले.

अलकापुरी

आपण सर्व जण हुशार आहात. वॉरंटीतल्या गाडीला काकांचा हात लागला आणि उद्या कॉइल जळाली, तर कंपनी दारात उभे करणार नाही. तेव्हा कोन घेऊन कोठे जाल?

दांडिया बाजार

माझी वॉरंटी केव्हाच संपली आहे, पण हा बागुलबुवा इतक्या वेळा दाखवला जातो की उत्तर द्यावेच लागेल. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दल. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्या आदेशात होते. बाहेरच्या चुकीच्या कामामुळेच नुकसान झाले असेल तर गोष्ट वेगळी. प्रकरण पुढे अपिलांत गेले, मान्य आहे. पण ‘बाहेर गेलात की संपलात’ हे काउंटरवर सांगितले जाते तेव्हा निदान लेखी मागावे. मी एकदा मागितले. समोरच्या माणसाने पेन शोधायला आत जाऊन अर्धा तास घेतला आणि चहा पाठवला.

मकरपुरा

लेखी कोणी देणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो. चहा मात्र चांगला असतो, कारण तोही तुमच्याच मजुरीतून येतो.

आमच्या बाजूची एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवा. त्या ९,००० रुपयांत फक्त दीड तास नसतो. दरवर्षी पैसे भरून अद्ययावत ठेवावा लागणारा स्कॅनर, प्रशिक्षणाला पाठवलेला माणूस, आणि आटा गेला तर हेडचा खर्च आमच्या अंगावर, हेही असते. खोक्याच्या ७,५०० रुपयांचे समर्थन मात्र माझ्याकडे नाही.

अलकापुरी

ठीक आहे. प्लग पावतीसह, खात्रीच्या वितरकाकडून घेतले, नंबर जुळवला, इंजिन थंड असताना काम केले आणि पावत्या जपून ठेवल्या, तर बाहेर करायला हरकत नसावी, एवढे मी मान्य करतो. अर्थात इतकी तपश्चर्या करण्यापेक्षा मी ३३,०४० रुपये देईन आणि लाउंजमध्ये बसून वर्तमानपत्र वाचेन.

दांडिया बाजार

अवश्य वाचा, फक्त सही करण्यापूर्वी एस्टिमेटही वाचा.

मकरपुरा

काका, राग सोडा. पुढच्या रविवारी माझ्या घरच्या गाडीचे चार प्लग बदलायचे आहेत. तुम्ही हाताने आवळा, मी नंतर टॉर्क पाना लावून पाहतो. पंचवीस ते तीसच्या मध्ये निघाले तर सेव-उसळ माझ्याकडून.

रावपुरा

येतो. गाडी शनिवारी रात्रीपासून बंद ठेवा, सकाळी इंजिन गरम सापडले तर हात लावणार नाही.